एक स्क्रू राहिला तर

टेबलावर एक स्क्रू उरलेला दिसतो आणि विनरीच्या काळजात धस्स होतं. तीन दिवस रात्रीचा दिवस करून तिने एडवर्डचा पोलादी हात बांधलेला असतो आणि तो हात लावून एडवर्ड केव्हाच निघून गेलेला असतो. पुढे ऐन झुंजीत तोच हात लुळा पडतो. समोरच्याला तेवढी संधी पुरते. एडवर्ड इस्पितळात पडतो आणि त्याला वाटत राहतं, की आपणच धसमुसळेपणा करून हात बिघडवला. विनरी दुरुस्तीला येते. आपला स्क्रू राहिला होता, हे ती त्याला सांगत नाही.

हा प्रसंग मी पाहिला तो लालबागला, आमच्या वर्कशॉपच्या ताडपत्रीखाली, भाच्याच्या मोबाइलवर. श्रावणातला पाऊस कोसळत होता, देखाव्यातल्या महिषासुराचा हात काही केल्या वर जात नव्हता आणि मी वैतागलो होतो. भाचा चौदा वर्षांचा. म्हणाला, "मामा, पाच मिनिटं बस. ह्याचा हात बघ, तुझ्यासारखा आहे." त्या पावसाळ्यात मी 'फुलमेटल अल्केमिस्ट : ब्रदरहूड' या जपानी अॅनिमेशन मालिकेचे सगळे ६४ भाग पाहून काढले. एडवर्ड हा तिचा नायक. हिरोमू अराकावा या बाईंनी तिची मूळ चित्रकथा २००१ ते २०१० अशी नऊ वर्षं एका जपानी मासिकात चालवली. बाई होक्काइदो बेटावर, गाईगुरांच्या घरात वाढलेल्या. त्यांच्या कथेत प्रत्येक पराक्रमाच्या मागे कुणाची तरी मेहनत दिसते, ती त्यामुळेच असावी असं मला वाटतं.

मी गणपतीतले हलते देखावे करतो. मूर्ती दुसरे करतात, रंग दुसरे देतात. देवाचा हात उठवायचा, राक्षसाची मान फिरवायची, गरुडाचे पंख हलवायचे, ते काम माझं. आणि माझा स्वतःचा उजवा हात कोपराच्या खाली चार बोटांवर संपतो. १९८८ साली, बावीस वर्षांचा असताना, तो पॉवर प्रेसखाली गेला. कुठल्या कारखान्यात, ते सांगून आज काही साधणार नाही. अशा प्रेसला दोन बटणं लागतात, म्हणजे दोन्ही हात बाहेर असल्याशिवाय ठोका पडत नाही. आमच्या प्रेसला पायाचं पेडल होतं.

वडील गिरणीत फिटर होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा मी दहावीत होतो आणि संप कधी मिटलाच नाही म्हणून मी कॉलेजऐवजी प्रेसवर गेलो. गिरणगावात माझ्यासारखी मुलं शेकड्याने होती. अपघातानंतर आई इस्पितळात आली, पट्टी बघितली आणि वडिलांना एवढंच म्हणाली, "हात गेलो तर गेलो, झील तरी घराक इलो." त्यानंतर आमच्या घरात त्या हाताबद्दल रडारड झाली नाही. नुकसानभरपाईचा जो १९२३चा कायदा होता, त्याच्या मागे एक यादी जोडलेली असे. अंगठा गेला तर कमाईची ताकद तीस टक्के गेली, एका हाताची चारही बोटं गेली तर पन्नास टक्के, अख्खा पंजा गेला तर साठ टक्के. वडिलांनी ती यादी दोनदा वाचली आणि घडी घालून ट्रंकेत ठेवली.

आता त्या पोलादी हाताबद्दल. मुलं एडवर्डची ताकद सांगतात ती अशी : दोन्ही तळवे जुळवले की जमिनीतून भाले उगवतात, उजव्या हाताच्या पत्र्यातून पातं निघतं, तलवार अडवली तरी हात तुटत नाही. हे सगळं खरं आहे. पण कामगाराच्या नजरेने बघाल तर त्याची लढण्याची पद्धत वेगळी दिसते. तो उजवा खांदा पुढे काढून उभा राहतो. वार आला की डावा, हाडामांसाचा हात मागे आणि पोलादी हात आडवा. उंचीने लहान असल्याने तो वाकून, आत शिरून लढतो, कबड्डीत चढाईला गेलेला बुटका गडी कोपरारक्षकाच्या हाताखालून निसटतो तसा. आणि त्याचं पातं मनगटातून फिरत नाही. ते खांद्यातून आणि कमरेतून येतं.

हे मी पूर्वी कुठे पाहिलंय, याचा विचार करत होतो आणि एकदम आठवलं, दांडपट्टा. शिवजयंतीला, गणपतीच्या मिरवणुकीत पोरं दांडपट्टा फिरवतात तेव्हा नीट बघा. पट्ट्याची पोलादी मूठ हातमोज्यासारखी असते, आत हात घालून आडवी पकड धरायची आणि मूठ मागे जवळजवळ कोपरापर्यंत हात झाकते. त्यामुळे मनगट बंद होतं. मनगट बंद झालं की तलवारीसारखा वार करता येत नाही. सगळं अंग फिरवावं लागतं, पाय नाचवावे लागतात. नवशिका पट्टा हाताने फिरवायला जातो आणि स्वतःचंच कान-नाक धोक्यात घालतो. जाणता माणूस कंबर फिरवतो, पट्टा आपोआप मागून येतो. एडवर्डचा हात म्हणजे अंगात रुतलेला दांडपट्टा आहे. २०२४ मध्ये आपल्या सरकारने दांडपट्टा हे राज्यशस्त्र म्हणून जाहीर केलं, तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता.

माझ्या कृत्रिम हाताच्या हूकालाही मनगट नाही. त्याची रचना साधी आहे. डाव्या बगलेखालून इंग्रजी आठच्या आकड्यासारखा पट्टा जातो, पाठीवर त्याचा फास येतो, तिथून एक केबल उजव्या दंडावरून खाली उतरते आणि हूकाच्या अंगठ्याला बांधलेली असते. उजवा खांदा पुढे ढकलला की केबल ताणते आणि हूकाची दोन बोटं उघडतात. खांदा सैल सोडला की रबरी कडी त्यांना मिटवतात. पकड घट्ट हवी तर कडी वाढवायची, पण मग उघडायलाही तेवढाच जोर लागतो. बघणाऱ्याला हूकाचं पोलाद दिसतं. काम करत असतो तो खांदा. या केबलचा एक गुण कुणी सांगत नाही. ती कितपत ताणली आहे हे खांद्याला कळतं आणि त्यावरून हूक किती उघडला आहे हे डोळे मिटूनही कळतं. स्पर्श गेला, पण अंदाज राहिला. काचेचा ग्लास मी त्या अंदाजावर धरतो.

हाजीअलीच्या पुनर्वसन संस्थेत मला हे शिकवलं. १९५५ साली सुरू झालेली ती संस्था, नाव लांबलचक, पण आम्ही सगळे नुसतं हाजीअली म्हणतो. तिथल्या बाई आठवडे न् आठवडे समोर काडेपेटी ओतून ठेवायच्या आणि एकेक काडी उचलायला लावायच्या. घरी आलो की चिवडा गल्लीतून आणलेल्या पुडीतले शेंगदाणे वेगळे काढायचे. पहिल्या महिन्यात पाच शेंगदाणे निघाले असतील. म्हणून एडवर्डची आजीसारखी म्हातारी पिनाको जेव्हा सांगते, की हा हात अंगवळणी पडायला तीन वर्षं लागतात आणि तो अकरा वर्षांचा पोरगा म्हणतो, एका वर्षात करीन, तेव्हा मला त्याच्या सगळ्या लढायांपेक्षा ते एक वर्ष मोठं वाटलं. मालिकेत ते भराभर उरकतात. खऱ्या आयुष्यात सगळं त्यातच असतं.

वजनाचंही सांगायला हवं. साठ किलोच्या माणसाचं कोपराखालचं अंग, पंजा धरून, साधारण सव्वा किलोचं असतं आणि ते कधी जड वाटत नाही, कारण ते हाडाला लागलेलं असतं. त्याच्या निम्म्या वजनाचा कृत्रिम हात मात्र संध्याकाळपर्यंत खांदा उतरवतो. तो कातडीला लटकलेला असतो. देखाव्यात हे मी रोज भोगतो. त्या पावसाळ्यातल्या महिषासुराचा हात मी हौसेने भरीव घेतला होता. गाडीच्या वायपरची बारा व्होल्टची मोटर, तिच्यावर क्रँक आणि पुढे सव्वा मीटरचा हात, टोकाला खड्ग. दोन रात्री चालला. तिसऱ्या रात्री मोटरमधला नायलॉनचा गिअर खाल्ला गेला. मग हात पोकळ केला, खड्ग पुठ्ठ्याचं केलं, खांद्याच्या मागे तोलाला वजन बांधलं, तेव्हा तो राक्षस अनंत चतुर्दशीपर्यंत न थकता लढला.

अराकावांच्या कथेत पोलादी हात कातडीवर लटकत नाही. हाडात बसवलेल्या खोबणीत तो अडकतो आणि नसांना तारा जोडताना एडवर्ड दात आवळून धरतो. ही नुसती कल्पना नाही. स्वीडनमध्ये ब्रानेमार्क नावाच्या डॉक्टरांना हाड टायटॅनियमला धरून ठेवतं हे कळलं आणि त्या आधारावर १९९० पासून तिथे कापलेल्या अवयवाच्या हाडातच खुंटी बसवू लागले. शिकागोत डॉ. टॉड कुइकेन यांनी हाताच्या तुटक्या नसा छातीच्या स्नायूंना जोडल्या. माणूस हात हलवायचा विचार करतो, छातीचा स्नायू फुरफुरतो आणि यंत्राला संदेश मिळतो. परळमध्ये, माझ्या घरापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर, ऑगस्ट २०२० मध्ये ग्लोबल रुग्णालयात एका तरुणीला दोन्ही हात बसवले, मेंदू मृत झालेल्या दात्याचे. घाटकोपर स्थानकात २०१४ मध्ये तिचे हात गेले होते. चेन्नईहून ते हात विमानाने आले. मुंबईतली ती पहिली अशी शस्त्रक्रिया. त्या दिवशी आमच्या चाळीत मी पेढे वाटले होते.

तरीही मी हा लेख लिहितोय तो वेगळ्या गोष्टीसाठी. नवा हात मिळणं या शहरात आता अशक्य राहिलेलं नाही. मिळालेला हात चालू ठेवणं अशक्य झालंय.

माझी केबल सात-आठ महिन्यांत विसविसते. पावसाळ्यात लवकर. मुंबईच्या घामात पट्टा कुजतो, सॉकेटच्या, म्हणजे उरलेला हात ज्यात बसतो त्या खोळीच्या, आत कातडीला बुरशी येते, बॅटरीवरचे हात असतील तर स्नायूंचे संदेश घामाने गोंधळतात. एडवर्ड उत्तरेच्या बर्फात ब्रिग्जच्या किल्ल्यावर जातो तेव्हा तिथले लोक त्याला पहिल्यांदा हेच सांगतात, की तुझं पोलाद इथे चालणार नाही, कातडीला हिमदंश होईल. मग विनरी स्वतः तिकडे जाते आणि त्याला त्या हवेला साजेसा, हलक्या धातूचा हात बसवते. मला हा भाग सगळ्यात खरा वाटला. आपल्याकडे येणारा भारी हात परदेशच्या कोरड्या हवेत घडलेला असतो. लालबागच्या जूनसाठी, भरल्या लोकलसाठी, दहा बाय बाराच्या खोलीत मोरीवर बसून धुणं धुणाऱ्या बाईसाठी त्याची विनरी कुठे आहे?

काही वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये माझी केबल तुटली. ज्यांनी तो हात दिला होता, त्यांच्याकडे गेलो. नाव लिहीत नाही. पुढचं शिबिर जानेवारीत आहे, तेव्हा या, म्हणाले. गणपती बारा दिवसांवर होते. शेवटी काळाचौकीच्या एका सायकलवाल्याने ब्रेकची वायर कापून, टोकाला शिसं ओतून दिली. वीस मिनिटांत हूक उघडमीट करू लागला. त्याने पैसे घेतले नाहीत, पण "तुम्ही आधी का नाही आलात," असं विचारलं. त्याचा प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही.

शिबिरं वाईट नाहीत. ती भरवणारी माणसं कळकळीने काम करतात आणि अनेकांना पहिल्यांदा उभं राहता येतं ते तिथेच. पण शिबिर संध्याकाळी उठतं. हारतुरे होतात, फोटो निघतो, ट्रक निघून जातो. सरकारी 'अडिप' योजनेत साधन एकदा मिळालं की पुन्हा मिळायला मोठ्यांना तीन वर्षं थांबावं लागतं, बारा वर्षांखालच्या मुलांना एक वर्ष. दहा वर्षांचं मूल एका वर्षात किती वाढतं हे कुठल्याही आईला विचारा. टाटा रुग्णालय आमच्या परळमध्येच आहे. हाडाच्या कॅन्सरमध्ये आज डॉक्टर बहुतेक वेळा पाय वाचवतात, पण काही मुलांचा वाचत नाही. त्या मुलाला हात-पाय देणं एका दिवसाचं काम कसं असेल? सॉकेट दर काही महिन्यांनी बघावं लागतं. ते घट्ट झालं की मूल तो पाय खाटेखाली सरकवतं आणि कुबड्या घेतं, तक्रारही करत नाही.

पायाच्या बाबतीत आपल्या देशाने एकदा हे फार सुंदर करून दाखवलंय. १९६८ साली जयपूरला डॉ. प्रमोद करण सेठी यांच्याबरोबर रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर बसले. सगळे त्यांना मास्टरजी म्हणत. त्यांनी रबराचं पाऊल केलं, ज्यावर मांडी घालता येते, उकिडवं बसता येतं, चिखलात अनवाणी चालता येतं आणि जे साध्या कारागिराला दुरुस्त करता येतं. डॉक्टर आणि कारागीर एका पाटावर बसले म्हणून ते घडलं. हाताला तसा मास्टरजी अजून मिळालेला नाही. आणि गिरणगावात मास्टरजींची वाण कधीच नव्हती. ज्या फिटरांनी ब्रिटिश साचे त्यांच्या देशात मोडीत निघाल्यावरही इथे तीस-तीस वर्षं चालवले, ज्या टर्नरांनी लंडनहून न येणारा दात इथल्या लेथवर काढला, ती माणसं आमच्या चाळींत राहत होती. माझे वडील त्यातले. संपानंतर ते वॉचमन झाले.

म्हणून माझं मागणं सरळ आहे. काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या क्रमांक २-३च्या आवारात महापालिका वस्त्रोद्योग संग्रहालय उभं करते आहे. गिरणीचा इतिहास जपायलाच हवा, त्याबद्दल दुमत नाही. त्या आवारातली एक शेड द्या. तिथे एक लेथ, एक ओव्हन, शिवणाचं मशीन, केबल, पट्टे, रबरी कडी, स्क्रू ठेवा. हाजीअलीतून शिकून बाहेर पडणारे एक-दोन तंत्रज्ञ पगारावर बसवा आणि त्यांच्या हाताखाली आयटीआयची पोरं द्या. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, रोज उघडं. हात कुठल्या शिबिरातून आला, कुठल्या कंपनीचा, कधी मिळाला, असा एकही प्रश्न न विचारता दुरुस्त करून द्यायचा. केईएम, टाटा, वाडिया, कामगार विम्याचं गांधी रुग्णालय, सगळी एका हाकेवर आहेत. रोगी कुठून आणायचे हा प्रश्नच येत नाही. खर्च? एखाद्या चौकाच्या सुशोभीकरणाला लागतो त्याहून जास्त लागू नये, असं तीस वर्षं मोटरी आणि लोखंड विकत घेणारा माणूस म्हणून मी सांगतो. आणि हे चाललं तर भायखळ्यात, कुर्ल्यात, पालघरला, सोलापूरला करा.

एक गोष्ट राहिली. कथेत सुरुवातीला स्कार नावाचा शत्रू एडवर्डचा पोलादी हात गल्लीत फोडून टाकतो. तळवे जुळवायला दुसरा हात उरत नाही आणि मुलांचा लाडका वीर त्या क्षणी पावसात गुडघ्यावर बसलेला एक पोरगा होतो. मग तो काय करतो? गावी जातो. विनरी त्याला शिव्या घालते, पाना फेकून मारते आणि कामाला लागते. माझा भाचा तो भाग पाहताना एकदम म्हणाला, "मामा, मी तिच्यासारखा होऊ शकतो ना? त्याच्यासारखा नाही, तिच्यासारखा." त्याला मी दुसऱ्या दिवशी मोटर उघडून खाल्लेला गिअर दाखवला. आता तो दर रविवारी येतो. माझी केबल गेल्या वर्षी त्याने बदलली, टोकाचं शिसं थोडं वाकडं बसलं, पण धरून आहे.

वाचकांना विनंती. आपल्या घरात, नात्यात, चाळीत कुणाचा तरी कृत्रिम हात किंवा पाय कपाटावर, खाटेखाली पिशवीत गुंडाळून ठेवलेला असेल. तो खाली काढा. काय तुटलंय ते बघा आणि कागदावर लिहा : केबल, पट्टा, सॉकेट, स्क्रू, जे असेल ते. किती दिवस पडून आहे तेही लिहा. तो कागद आपल्या विभागाच्या महापालिका कार्यालयात जाऊन द्या आणि पोच घ्या. आमच्या एफ-दक्षिण विभागात मी माझा दिला आहे.